चेन लावलेला डॉल्फिन

डॉल्फिनची शेपूट उभी असते की आडवी, यावरून मास्तरांच्या घरात सकाळपासून धुसफूस चालली होती. घर म्हणजे मागे घर आणि पुढे दुकान. दुकानात स्कूटरची सीट कव्हरं, होड्यांवर घालायची आच्छादनं, दुकानांपुढच्या कापडी छपऱ्या असलं सगळं जाड कापडाचं काम चाले. मास्तर कापायचे आणि मास्तरीणबाई शिवायच्या. लग्न झाल्यापासून ही वाटणी ठरलेली होती, आणि ती ठरवताना मास्तरीणबाईंना कुणी विचारलं नव्हतं.

आत्ता कापायच्या टेबलावर करडी ताडपत्री पसरलेली होती. तिच्यावर खडूने आखलेला एक भलामोठा डॉल्फिन आडवा पडला होता आणि मास्तर हातात मोठी कात्री घेऊन त्याच्या डोक्याशी उभे होते. मास्तरांच्या हातात कात्री आली की त्यांना ऐकू येईनासं होई. हा काही कानाचा दोष नव्हता.

"अहो, त्याची शेपूट आडवी असते," मास्तरीणबाई म्हणाल्या. "माशांची उभी. डॉल्फिनची आडवी."

मास्तरांनी कॅलेंडरवरचं चित्र त्यांच्यापुढे धरलं. "दिसतेय का यात कुठे आडवी?"

"ते चित्र बाजूने काढलंय."

"मग मीही बाजूनेच कापतोय."

मास्तरीणबाई मशीनपाशी जाऊन बसल्या आणि बॉबिनमध्ये दोरा भरू लागल्या.

हे काम नगरपालिकेच्या किनारा विभागाचं होतं. तिथल्या अधिकारी बाई स्वतः दुकानात येऊन ते देऊन गेल्या होत्या. गेल्या मोसमात किनाऱ्याजवळ दोनदा डॉल्फिन आले आणि दोन्ही वेळा लोक त्यांना शार्क समजून एकमेकांना तुडवत बाहेर पळाले. पहिल्या वेळी एका गृहस्थांचा पाय मोडला, दुसऱ्या वेळी आइस्क्रीमची गाडी उलटली, आणि लोकांनी जास्त हळहळ गाडीबद्दल व्यक्त केली. म्हणून बाईंनी यंदा ठरवलं होतं की लोकांना फरक शिकवायचा. किनाऱ्यावर एक मोठा बोर्ड लावायचा आणि त्याच्यासमोर पाण्यात खराखुरा वाटेल असा एक डॉल्फिन तरंगत ठेवायचा. लोकांनी बोर्ड वाचावा, डॉल्फिन बघावा आणि निर्धास्त पोहावं. रविवारी त्याचं उद्घाटन होतं. डॉल्फिन पसंत पडला तर किनाऱ्यावरच्या सगळ्या छत्र्या आणि आरामखुर्च्या याच दुकानात शिवून घ्यायचं बाईंनी कबूल केलं होतं.

तयार कव्हरं बाजारात आल्यापासून दुकानात माशा मारायची पाळी आली होती, तेव्हा ते काम हवंच होतं. पण खरं सांगायचं तर मास्तरीणबाईंना त्याहून जास्त दुसरंच काही हवं होतं. इतक्या वर्षांत एकदा, निदान एकदा, कात्री चालवायच्या आधी नवऱ्याने आपलं ऐकावं, एवढीच त्यांची इच्छा होती. कारण मास्तर कापताना चुकले की ती चूक मशीनवर मास्तरीणबाईंच्याच पुढ्यात येई. मग कुठे पट्टी लाव, कुठे चुणी घाल, कुठे दुहेरी टीप मार, असं करत त्या ती झाकत. गिऱ्हाईक म्हणे, मास्तर, तुमच्यासारखं कापणं नाही. आणि मास्तरांना ते पटे.

आडव्या शेपटीचं त्यांना कळलं ते पोहण्यातून. मुलगी लग्न होऊन गेल्यावर घर खायला उठायला लागलं, तेव्हा शेजारणीच्या नादाने त्यांनी किनाऱ्यावरच्या बायकांच्या पोहण्याच्या वर्गात नाव घातलं होतं. तिथे पायात रबरी पंखे घालायला देत आणि पाय वरखाली मारायला शिकवत. पंखा आडवा असतो, म्हणून पाय वरखाली मारला की पाणी मागे रेटलं जातं आणि माणूस पुढे सरकतो. डॉल्फिन पाठ वरखाली करत जातो हे त्यांनी समुद्रावर कितीदा तरी पाहिलं होतं. मग त्याची शेपूट आडवी नसेल तर काय असेल? त्यांनी हे मास्तरांना स्टुलावर पोटावर झोपून, पाय हलवून दाखवलंसुद्धा.

"तू काय डॉल्फिन आहेस?" मास्तर म्हणाले आणि त्यांनी कात्री चालवली.

ताडपत्रीला दुहेरी घडी होती, त्यामुळे दोन सारख्या बाजू निघाल्या. दोन्ही कडेकडेने जोडल्या की झालं काम. उशीचा अभ्रा असाच होतो आणि लोडाची खोळही जवळजवळ अशीच होते. शेपूट त्या कडेच्या शिवणीत आली आणि आपोआप उभी राहिली. ती आडवी करायची तर पोटाला तिसरा तुकडा लागला असता, आणि तिसऱ्या तुकड्याला मास्तरांचा तत्त्वतः विरोध होता. तिसरा तुकडा लागतो म्हणजे कापणाऱ्याला कापता येत नाही, असं त्यांचं मत होतं.

मग पाठीवरच्या पंखाचा प्रश्न आला. चित्रात तो मागे वळलेला होता. तसं वळण आणायचं तर कापड उरेब, म्हणजे तिरकं कापावं लागतं, आणि उरेब कापलं की निम्मं वाया जातं. मास्तरांनी उरलेल्या तुकड्यातून एक सरळसोट त्रिकोण काढून दिला आणि लांबून कुणाला काय कळतंय असं म्हटलं.

आत हवा भरलेल्या ट्यूब बसवायच्या होत्या. बंद ताडपत्रीत दमट हवा कोंडून बुरशी धरते, हा होड्यांच्या आच्छादनांचा जुना अनुभव. म्हणून मास्तरांनी गळ्याच्या दोन्ही बाजूंना हवा खेळायला, पाण्याच्या वर राहतील अशा, ओळीने उभ्या चिरा ठेवल्या. डॉल्फिनला अशा चिरा असतात का, असं मास्तरीणबाईंनी विचारलं. डॉल्फिनला आत ट्यूब असते का, असं मास्तरांनी उलट विचारलं.

ट्यूब आत घालायला कुठेतरी उघडं ठेवणं भाग होतं. तोंड आहेच की, म्हणत मास्तरांनी ती जागा तोंडाशी काढली. होडीच्या कामातली जाड पांढरी चेन शिल्लक होती, भल्या मोठ्या दातांची. ती मास्तरीणबाईंनी या टोकापासून त्या टोकापर्यंत शिवली. शिवून झाल्यावर ती अर्धी ओढून पाहिली, आणि आपल्याच हातून तयार झालेल्या त्या जनावराकडे बघून त्या मशीनवरून उठल्या आणि जरा लांब जाऊन बसल्या.

"बघ, कसा हसतोय," मास्तर कौतुकाने म्हणाले.

त्यानंतर मास्तरांना एकच काळजी राहिली होती, ती म्हणजे शिलाईची. आपण कापलेलं चोख आहे, पण हिने शिवलेल्यातून पाणी आत शिरलं तर उद्या सगळ्यांसमोर नाक कापलं जाईल. म्हणून शनिवारी दुपारी त्यांनी डॉल्फिन वरून चादर घालून हातगाडीवरून धक्क्यावर नेला. धक्का किनाऱ्याच्या वळणापलीकडे होता, तिथे दुपारी चिटपाखरू नसे, आणि अधिकारी बाईंना उद्घाटनाआधी तो दिसायला नको होता. त्याच्या नाकावर एक पितळी रिंग ठोकली होती. तिच्यातून दोरी ओवून त्यांनी तो पाण्यात सोडला, दोरी धक्क्याला बांधली, आणि संध्याकाळी येऊन शिलाई तपासायची असं ठरवून ते किनाऱ्यावर बोर्ड बघायला गेले.

शिलाईला काहीही झालं नाही. टाक्यातून थेंबभर पाणी आत गेलं नाही. पण ती रिंग मास्तरांनी स्वतः ठोकली होती, आणि कापड वाचवायला अगदी कडेला ठोकली होती. चार लाटा लागल्यावर रिंग दोरीला राहिली आणि डॉल्फिन वाऱ्याबरोबर वळण ओलांडून किनाऱ्याकडे निघाला.

किनाऱ्यावर सुट्टीची गर्दी होती. मास्तरीणबाई वर्गातल्या बायकांबरोबर कमरेइतक्या पाण्यात पाय मारत होत्या. मास्तर बोर्डासमोर हाताची घडी घालून उभे होते आणि अधिकारी बाई त्यांना बोर्ड दाखवत होत्या. तेवढ्यात पाण्यातून कुणीतरी ओरडलं, जीवरक्षकाने शिट्टी फुंकली, आणि दूरवर पाण्याबाहेर आलेला काळपट त्रिकोण सगळ्यांना एकदमच दिसला.

गेल्या मोसमासारखीच पळापळ सुरू होणार, तोच अधिकारी बाई खुर्चीवर चढल्या. या क्षणासाठीच त्यांनी वर्षभर कागद हलवले होते. त्यांनी कर्णा तोंडाला लावला. कुणीही घाबरून पळू नये, सगळ्यांनी शांतपणे पाण्याबाहेर यावं आणि आधी बोर्ड वाचावा, असं त्यांनी सांगितलं. आश्चर्य म्हणजे लोकांनी ऐकलं. ओल्या अंगाने सगळे बोर्डाभोवती जमले. गर्दीत एक पेन्शनर आजोबा होते, त्यांना मोठ्याने वाचायची हौस होती. जीवरक्षक उंच खुर्चीवर दुर्बीण लावून बसला.

"पाठीवरचा पंख मागे वळलेला असेल तर डॉल्फिन," आजोबांनी खणखणीत आवाजात वाचलं. "सरळ त्रिकोणी असेल तर शार्क."

"त्रिकोणी," वरून जीवरक्षक म्हणाला.

"पंखाच्या मागे शेपटीचं टोकही पाण्याबाहेर दिसत असेल तर शार्क."

"दिसतंय."

"वरखाली उसळत जात असेल तर डॉल्फिन. अंग डावीउजवीकडे हलवत एका पातळीत जात असेल तर शार्क."

"डावीउजवीकडे."

"गळ्याच्या बाजूला उभ्या चिरा असतील तर शार्क."

जीवरक्षकाने दुर्बीण खाली घेतली, बनियनला पुसली आणि पुन्हा लावली. "आहेत," तो म्हणाला. "दातपण आहेत."

दातांचं बोर्डावर काही लिहिलेलं नव्हतं, पण आता त्याची गरज उरली नव्हती. बोर्डाने आपलं काम चोख केलं होतं. गेल्या मोसमात लोक काही न समजता पळाले होते, या वेळी नीट समजून पळाले. आइस्क्रीमवाला सगळ्यात पुढे होता, गाडीसकट. वाळू संपते तिथे पोचल्यावर मात्र सगळे थांबले आणि वळून समुद्राकडे बघू लागले.

अधिकारी बाईंचा चेहरा उतरला. किनाऱ्यापासून इतक्या जवळ खरोखरचा शार्क म्हणजे वर कळवणं भाग होतं. वर कळवलं की गस्तीची बोट येणार, उद्याचं उद्घाटन रद्द होणार, आणि सगळा मोसम किनारा बंद राहणार. मग कसल्या छत्र्या आणि कसल्या खुर्च्या. त्यांनी फोन हातात घेतला, पण आकडा दाबायच्या आधी शेवटची आशा म्हणून त्या मास्तरांकडे वळल्या. तुम्ही आठवडाभर डॉल्फिनवर काम करताय, तुम्ही तरी एकदा बघा, असं म्हणत त्यांनी जीवरक्षकाची दुर्बीण मागवून मास्तरांच्या हातात दिली.

असा मान मास्तरांना जन्मात मिळाला नव्हता. त्यांनी दुर्बीण लावली आणि बराच वेळ पाहिलं. टॉवेल गुंडाळून मास्तरीणबाई तोवर त्यांच्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बाई, हा शार्क," मास्तर शेवटी म्हणाले. "डॉल्फिन असता तर मी लगेच ओळखला असता. याची शेपूट बघा. उभी आहे. डॉल्फिनची शेपूट कधी अशी उभी असते का? आडवी असते ती."

मास्तरांचं एक होतं, वाचलेली गोष्ट त्यांना तत्काळ जन्मापासून माहीत असल्यासारखी वाटे. समोर बोर्डावर ठसठशीत अक्षरांत शेपटीचंसुद्धा सगळं लिहिलेलं होतंच. मग आपण कापलेल्या डॉल्फिनची शेपूट कशी आहे, हा विचार काही त्यांच्या मनाला शिवला नाही. तो बिचारा चादर काढलेला, धक्क्याला बांधलेला, अशा समजुतीतच ते होते.

मास्तरीणबाईंनी त्यांच्या हातातून दुर्बीण घेतली. त्रिकोणाच्या बुडाशी करडा दोरा संपला होता, म्हणून तिथे त्यांनी निळा लावला होता. तो निळा टाका त्यांना इतक्या लांबूनही दिसला. आपल्या हातचा टाका ओळखायला त्यांना बोर्डाची गरज नव्हती.

त्यांना आधी हसू आलं. मग राग आला, आणि राग बराच आला. तोंड उघडून एक वाक्य बोलल्या असत्या तर सगळा उलगडा तिथल्या तिथे झाला असता. पण मग चारचौघांत नवऱ्याचं हसं झालं असतं, आणि छत्र्यांचं कामही त्याच हशाबरोबर गेलं असतं. शिवाय असं दुसऱ्यांच्या हसण्यातून मिळालेलं ‘तुझं बरोबर’ त्यांना नकोच होतं. त्यांना ते नवऱ्याच्याच तोंडून हवं होतं, आणि कापायच्या टेबलाजवळ ते मिळत नव्हतं हे त्या पुरतं जाणून होत्या.

त्यांनी टॉवेल खाली टाकला, वाळूत बसून पायात रबरी पंखे चढवले, आणि जीवरक्षकाला म्हणाल्या, "मी घेऊन येते त्याला."

जीवरक्षकाला वाटलं, त्या कुणा नातेवाइकाबद्दल बोलताहेत. त्याच्या लक्षात येईपर्यंत मास्तरीणबाई पंखे फटफटवत उलट्या पावलांनी पाण्यात शिरल्या होत्या. तो खुर्चीवरून उतरायला लागला आणि त्याचा पाय शिडीत अडकला. किनाऱ्यावर एकच हलकल्लोळ झाला आणि लांब थांबलेले लोक पुन्हा पाण्याजवळ आले. मास्तर धावत पाण्याजवळ आले. मास्तरांना पोहता येत नव्हतं, गुडघ्याच्या वर पाणी आलं की त्यांना घेरी येई, तरी ते चपलांसकट गुडघ्याइतक्या पाण्यात शिरले.

"अगं, कुठे चाललीस? परत फीर."

मास्तरीणबाई कमरेइतक्या पाण्यात थांबल्या. "शेपूट उभी की आडवी?"

"कुणाची?"

"डॉल्फिनची."

"आडवी गं बाई, आडवी. आत्ताच सांगितलं ना सगळ्यांना."

"मग टेबलावर काय सांगत होतात?"

एक लाट येऊन मास्तरांची एक चप्पल घेऊन गेली, तिच्याकडेही त्यांचं लक्ष गेलं नाही. समोर बायको होती, तिच्यामागे तो त्रिकोण होता, आणि त्रिकोण जवळ येत होता. त्यांना रडू फुटायच्या बेतात होतं.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तू सांगत होतीस ते बरोबर होतं. तू आधी बाहेर ये. यापुढे तुला विचारल्याशिवाय कात्रीला हात लावणार नाही."

हे ऐकल्यावर मास्तरीणबाईंना परत फिरायला काहीच हरकत नव्हती. ज्यासाठी इतकी वर्षं वाट पाहिली ते मिळालं होतं. पण ते मिळाल्याबरोबर अंगात असं काही बळ आलं, की ते तसंच वाया घालवायला त्यांचं मन होईना. त्यांनी नवऱ्याकडे बघून हात हलवला आणि पाण्यात झेप घेतली.

वर्गातल्या बायकांना खोल पाण्यापाशी बांधलेल्या दोरीच्या पलीकडे जायला बंदी होती. आजवर मास्तरीणबाई त्या दोरीला हात लावूनच परत फिरत असत. आज त्या तिच्याखालून पलीकडे गेल्या. पाणी एकदम गार लागलं आणि पायाखालची जमीन संपल्याचं जाणवलं, तसं त्यांनी एकदा वळून दोरीकडे पाहिलं. पण पाय वरखाली चालले होते, पंखे पाणी मागे रेटत होते, आणि शिकवलं होतं तसंच सगळं घडत होतं. आपण पोहतोय, हे त्यांना तिथे पहिल्यांदा खरं वाटलं. त्यांना इतका आनंद झाला की तोंड उघडून त्या हसल्या आणि खारं पाणी प्यायल्या.

तो जवळ आल्यावर मात्र, आपणच शिवलाय हे माहीत असूनही त्यांनी पाय मारणं थांबवलं. उन्हात चेनचे दात लखलखत होते. तेवढ्यात एका लाटेने त्याला उचललं आणि तोंड पुढे करून थेट त्यांच्या अंगावर आणलं. किनाऱ्यावरून पाहणाऱ्यांना वाटलं, झडप घातली. मास्तर पाण्यात मटकन खाली बसले. मास्तरीणबाईंनी गादी झटकतात तशी एक सणसणीत चापट त्याच्या नाकावर मारली आणि तो मुकाट्याने बाजूला वळला.

आता याला धरून न्यायचं तर धरायचं कुठे? रिंग तर गेली होती. आत ट्यूबला दोरीची मूठ होती, ती त्यांना आठवली. त्यांनी चेन सर्रकन उघडली आणि कोपरापर्यंत हात त्याच्या तोंडात घातला. पेन्शनर आजोबांनी डोळे मिटले आणि शेजारच्याला सांगितलं की काय होतंय ते मला नंतर सांगा. मास्तरीणबाईंनी मूठ पकडली, पाठीवर उलट्या झाल्या आणि पाय मारत शार्कला तोंडाला धरून किनाऱ्याकडे घेऊन निघाल्या.

पाय टेकल्यावर त्या उभ्या राहिल्या. केस चेहऱ्यावर चिकटलेले, छाती वरखाली होत होती आणि हात अजून कोपरापर्यंत शार्कच्या जबड्यात होता. लोक आधी दोन पावलं मागे सरले. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा किनारा टाळ्या वाजवू लागला. वर्गातल्या बायका धावत पाण्यात आल्या आणि त्यांना मिठ्या मारू लागल्या. एकीने शार्कलाही मारली, कारण तिला गर्दीत तेच हाताला लागलं.

"अहो, याला चेन आहे," ती म्हणाली.

टाळ्या थांबल्या. अधिकारी बाई पुढे आल्या, वाकल्या, चेन पाहिली, शेपूट पाहिली, चिरांत बोट घालून पाहिलं. मग त्यांनी मान वर करून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर एका चपलेवर, छातीपर्यंत भिजलेले, आपल्या डॉल्फिनकडे बघत होते. काहीतरी सांगून वेळ मारून नेण्यात मास्तरांचा हात धरणारं कुणी नव्हतं, हे मास्तरीणबाईंना ठाऊक होतं. आता ते ताडपत्रीला दोष देतात की वाऱ्याला, एवढंच ऐकायचं बाकी होतं.

"बाई, हा आमचा डॉल्फिन," मास्तर म्हणाले. "मी चुकीचा कापला. ही पहिल्यापासून सांगत होती, मी ऐकलं नाही. शिलाई तेवढी बघा. इतकं होऊन टाक्यातून थेंबभर पाणी आत नाही."

मास्तरीणबाईंना भर गर्दीत गहिवरून आलं. सगळं खाऱ्या पाण्यानेच भिजलेलं होतं म्हणून ते कुणाला दिसलं नाही. अधिकारी बाई गंभीर झाल्या. काम गेलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. तेव्हा मास्तरीणबाईंनी जबड्यातून हात काढला आणि त्या पुढे झाल्या.

"बाई, तुमचा बोर्ड किती बरोबर लिहिलाय, ते आज सगळ्यांना कळलं ना? एकही खूण चुकली नाही. आता फरक दाखवायचा म्हटलं, तर नुसता डॉल्फिन ठेवून कसा दिसणार? दोन्ही शेजारीशेजारी हवेत. शार्क हा तयार आहे. डॉल्फिन उद्या उद्घाटनाआधी देते."

अधिकारी बाईंनी शार्ककडे पाहिलं, बोर्डाकडे पाहिलं आणि हातातला फोन पर्समध्ये टाकला. पेन्शनर आजोबा म्हणाले, की त्यांना नुसता बोर्ड वाचून जितकं समजलं नसतं तितकं आज समजलं. मग बाईंना हसू आवरेना, आणि त्या हसल्यावर सगळा किनारा मनमोकळा हसला. छत्र्यांचं काम पक्कं करूनच त्या तिथून गेल्या.

त्या संध्याकाळी डॉल्फिन मास्तरीणबाईंनी कापला. मास्तरांनी कापड धरलं. पोटाला तिसरा तुकडा घातला, शेपूट आडवी आली, पंख उरेब कापून मागे वळवला आणि चेन पोटाखाली लपवली. तिसरा तुकडा हातात घेताना मास्तरांच्या चेहऱ्यावर वेदना उमटली, पण त्यांनी तो नीट ताणून धरला.

रविवारी शार्क आणि डॉल्फिन दोघेही पाण्यात एकमेकांशेजारी डुलत होते आणि त्यांच्याभोवती मास्तरीणबाई आपल्या वर्गाबरोबर पोहत होत्या, दोरीच्या पलीकडे. आता त्यांना कुणी अडवत नव्हतं. किनाऱ्यावर लोक मुलांना खांद्यावर घेऊन बोट दाखवत होते. ते बोट शार्क-डॉल्फिनकडे असतं की आपल्या बायकोकडे, हे मास्तरांना लांबून कळेना. त्यांनी जवळच्या माणसाला विचारून खात्री करून घेतली आणि मग ताठ मानेने उभे राहिले.

मोसम जोरात गेला. छत्र्या झाल्या, खुर्च्या झाल्या. पुढेपुढे दुसऱ्या किनाऱ्यांवरूनही लोक जोड्या शिवून न्यायला येऊ लागले. त्यातही बहुतेकांना शार्क आधी हवा असे, आणि तोच, चेन लावलेला. यामुळे मास्तरांचा जुना ताठा परत येतो की काय, अशी मास्तरीणबाईंना मध्यंतरी शंका आली होती.

एका सकाळी एक गिऱ्हाईक स्कूटरच्या सीटचं माप घेऊन आलं. साधं काम होतं, मास्तरांनी असली शेकड्यांनी कापली असतील. त्यांनी कापड पसरलं, खडूने आखलं, कात्री उघडली आणि थांबले.

"अगं," त्यांनी आत हाक मारली. "हे दोन तुकड्यांत कापू का तीन?"

मास्तरीणबाई आत चहा पीत बसल्या होत्या. सीट कव्हर दोनच तुकड्यांत होतं, हे त्यांना माहीत होतं आणि मास्तरांनाही माहीत होतं. तरी त्यांनी चहा सावकाश संपवला, कप विसळला, पुसून जागेवर ठेवला आणि मग त्या बाहेर आल्या. तोवर मास्तर कात्री उघडी धरून तसेच उभे होते.